उंचीच्या पट्टीपाशी हुज्जत घालणाऱ्या आईबाबांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही, पण गेल्या मे महिन्यात एका रविवारी आपण एकाच लाइनीत उभे होतो, एका मनोरंजन पार्कात, जिथे मोठ्या पाळण्यावर बसण्याआधी पट्टीवर मुलांची उंची मोजतात. पार्कचं नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते कुठल्याही पार्कात, कुठल्याही सुट्टीच्या दिवशी घडतं. तुमच्यातल्या एका बाबांनी मुलाच्या बुटात हातरुमालाची घडी सरकवली होती. एका ताईंनी मुलीच्या दोन्ही वेण्या सोडून डोक्याच्या अगदी टोकावर बुचडा बांधला होता. आणि एक आई पट्टीपाशी उंची मोजणाऱ्या पार्कच्या मुलाला म्हणत होती, "दोनच सेंटिमीटर कमी आहे हो. सव्वा तास उभे आहोत उन्हात. दोन सेंटिमीटरने काय होतं?"

ती आई मी. म्हणून हे पत्र तुमच्याकडे बोट दाखवायला लिहिलेलं नाही. मी तुमच्यातलीच आहे, आणि त्या दिवशी मी जे केलं ते चूक होतं हे मला तुमच्यासमोरच सांगायचं आहे.

आम्ही पाच जण चिंचवडहून पहाटे साडेपाचला निघालो होतो. मी, नवरा, पंधरा वर्षांची थोरली, नऊ वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी गाडीतच संपली. धाकट्याने गेले तीन महिने त्या एका कोस्टरचा, म्हणजे रुळांवरून वर-खाली आणि उलटी धावणाऱ्या गाडीचा, ध्यास घेतला होता. वर्गातले दोघं बसून आले होते. हा रोज रात्री मोबाइलवर त्या कोस्टरचे व्हिडिओ बघून कुठे वळण, कुठे गिरकी, कुठे उलटं हे पाठ करून बसला होता. लाइन जसजशी पुढे सरकत होती तसतसा त्याचा हात माझ्या हातात घट्ट होत होता. आणि मग लाइनीच्या अगदी टोकाला, पायऱ्यांच्या आधी, ती पट्टी आली. १४० सेंटिमीटरला लाल रेघ. हा भरला १३८.

पट्टीपाशी उभा असलेला मुलगा वीस-एकवीस वर्षांचा असेल. त्याने माझ्या मुलाला बूट काढायला लावले, टाचा मागे टेकवायला लावल्या आणि हनुवटी सरळ धरून पुन्हा मोजलं. पुन्हा १३८. "मॅडम, नाही होणार." मी आधी विनवलं, मग आवाज चढवला, मग तिकिटाच्या पैशांचा विषय काढला. पाच माणसांचे पैसे भरलेत आम्ही, वरिष्ठांना बोलवा, वगैरे. तो ऐकून घेत राहिला. शेवटी त्याने एवढंच म्हटलं, "मॅडम, हार्नेस लागेल त्याला. पण धरणार नाही."

हार्नेस म्हणजे खुर्चीत बसल्यावर खांद्यावरून खाली ओढून अडकवतात तो अडसर. अडकेल, पण धरणार नाही. मी गप्प झाले.

गप्प का झाले, ते सांगायला माझं काम सांगावं लागेल. आमच्या कारखान्यात ट्रकच्या एअर ब्रेकचे भाग होतात, आणि मी तिथे एकवीस वर्षं तपासणी विभागात आहे. मापं घेणं हेच माझं काम. भोकाचं माप बरोबर आहे की नाही हे बघायला आमच्याकडे प्लग गेज नावाचा मापाचा दांडा असतो. त्याच्या एका टोकाला गो, दुसऱ्या टोकाला नो-गो. गो आत जायला हवं, नो-गो आत जाता कामा नये. नो-गो आत गेलं की तो जॉब, म्हणजे तो भाग, नापास मालाच्या लाल डब्यात. त्यात चर्चा नसते. तरीही महिनाअखेरीला डिस्पॅचवाले, म्हणजे माल रवाना करणारे, टेबलापाशी येतात आणि म्हणतात, "मॅडम, पाच मायक्रॉनने काय होतंय? गाडी गेटवर उभी आहे." मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी एकवीस वर्षं त्यांना एकच उत्तर देत आले आहे. जोडणी होईल, बोल्ट बसेल, सगळं ठीक दिसेल. घाटात उतारावर ब्रेक दाबला की मात्र तो भाग धरणार नाही.

आणि त्या दिवशी मीच डिस्पॅचवाल्यांचं वाक्य बोलत होते. समोरचा वीस वर्षांचा मुलगा माझं वाक्य बोलत होता.

तुमच्यापैकी अनेकांना वाटतं, मलाही तेव्हा वाटलं, की अशा रेघा थोडं राखूनच आखलेल्या असतात, मग त्यातलं थोडं आपण घेतलं तर काय बिघडलं? आमच्या भाषेत त्याला टॉलरन्स म्हणतात, आणि शॉप फ्लोअरवरचा पहिला धडा हाच असतो की टॉलरन्सवर टॉलरन्स नसतो. ड्रॉइंगवर जी सूट द्यायची ती देऊन झालेली असते. शिवाय कोस्टरच्या रेघेतली सूट मोजणीतल्या चुकीसाठी आधीच खर्ची पडलेली असते. सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असतो, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबत जातात. कुणी ताठ उभं राहतं, कुणी वाकून. एकाच उंचीच्या दोन मुलांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. राखून ठेवलेली जागा या सगळ्यासाठी आहे. आपल्या सव्वा तासासाठी नाही.

धरणं म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण इथेच आपली फसगत होते. आपल्याला वाटतं, कोस्टरवर माणूस खाली दाबला जातो, मग पडेल कसा? खालच्या खळग्यात खरंच दाबला जातो. पण टेकाडाच्या माथ्यावर उलटं घडतं. गाडी रुळाबरोबर खाली वळते, आणि आपलं शरीर मात्र आधीच्या दिशेनेच जायला बघतं. त्या दीड-दोन सेकंदांत आपण खुर्चीवरून उचलले जातो. पोटात गोळा येतो तो याच वेळी, आणि खरं सांगायचं तर लोक पैसे याच क्षणासाठी भरतात. त्या क्षणी माणसाला खुर्चीत ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मांडीवर आणि कमरेच्या हाडावर घट्ट बसलेला बार किंवा खांद्यावरून आलेला हार्नेस. तो ज्या मापाच्या शरीरासाठी केलेला आहे त्याहून लहान शरीर आत बसलं, तर खांद्याची गादी कानापाशी येते आणि मांडीपाशी पोकळी राहते. कुलूप लागतं. दिवा हिरवा होतो. पोकळी तशीच असते. त्यात लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान नाजूक, म्हणजे हिसका बसला की सगळ्यात आधी मानेला.

२४ मार्च २०२२ ला अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरात एका उंच ड्रॉप टॉवरवर नेमकं हेच घडलं. खुर्च्यांची गोल रांग वर न्यायची आणि एकदम खाली सोडायची, असा तो पाळणा. चौदा वर्षांचा एक मुलगा त्यात बसला. तो अंगाने मोठा होता, पाळण्यासाठी ठरवलेल्या वजनाच्या बराच पुढे. नंतरच्या तपासणीत निघालं की त्या खुर्चीचा सेन्सर हाताने बदलून ठेवलेला होता, म्हणजे हार्नेस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उघडा राहिला तरी यंत्राला तो बंदच वाटावा. दिवा लागला. यंत्राने होकार दिला, कारण होकार द्यायला त्याला आधीच शिकवून ठेवलं होतं. खाली येताना ब्रेक लागले आणि मुलगा त्या फटीतून निसटला. तो वाचला नाही. माझा मुलगा मापाला लहान आणि तो मोठा, एवढाच फरक. फट दोन्हीकडे सारखीच.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण सेन्सर बदलणारा माणूस मला परका वाटेना. त्याला कुणालाही इजा करायची नव्हती. बहुधा कुणालाही परत पाठवावं लागू नये एवढंच हवं असेल. बुटात रुमाल घालणाऱ्या बाबांना तरी दुसरं काय हवं होतं? आणि मला?

इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्स पार्कातली गोष्टही सांगायला हवी. २ जून २०१५. तिथल्या स्मायलर नावाच्या कोस्टरवर गाडी मध्येच थांबली. कोस्टरचा मार्ग रेल्वेसारखा टप्प्यांत वाटलेला असतो. एका टप्प्यात एकच गाडी, पुढचा टप्पा रिकामा झाल्याशिवाय यंत्रणा मागची गाडी सोडत नाही. यंत्रणेने गाडी अडवून धरली, कारण पुढे चाचणीची एक रिकामी गाडी अडकली होती. तिथल्या इंजिनियरांना वाटलं, मार्ग मोकळा आहे आणि यंत्रणाच चुकतेय. त्यांनी अडवणूक बाजूला सारून गाडी सोडली. ती रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुण मुलींचा प्रत्येकी एक पाय कापावा लागला. पुढच्या वर्षी कोर्टाने कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड ठोठावला.

दोन्हीकडे आधी 'नाही' होतं. एका ठिकाणी सेन्सरचं, दुसऱ्या ठिकाणी यंत्रणेचं. त्या 'नाही'ला माणसांनी हो करून घेतलं. पट्टीपाशी उभा असलेला पोरगा हाही त्या यंत्रणेचाच भाग आहे, फरक एवढाच की त्याला आपण ओरडू शकतो. सेन्सरला कुणी म्हणत नाही की तुझ्या मॅनेजरला बोलाव. या मुलाला दिवसातून किती वेळा हे ऐकावं लागत असेल याचा अंदाज घ्या. सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासात मी चार घरं त्याच्याशी भांडताना बघितली. चारही घरांतले बाबा त्याच्या दुप्पट वयाचे. आठ-दहा तास उभं राहून, पगार बेताचा असताना, अनोळखी मोठ्या माणसांना नाही म्हणत राहणं मला एकवीस वर्षांनंतरही जड जातं. आणि माझ्या पाठीशी निदान ड्रॉइंग असतं, सही-शिक्का असतो. त्याच्या पाठीशी एक रंगवलेली पट्टी आहे.

समजा तो एकदा थकला. समजा पाचव्या घराला त्याने जाऊ दिलं. मग सहावं घरही जाणार, कारण सहाव्याने पाचव्याला जाताना बघितलेलं असतं. आपण त्याला थकवतो तेव्हा फक्त आपल्या मुलापुरतं थकवत नाही.

आता मुलांबद्दल. माझ्या मागे उभे असलेले एक बाबा खूप चिडले होते. बोलता बोलता त्यांचा रोख मुलाकडेच वळला. "सांगत होतो ना दूध पी म्हणून." तो मुलगा आपल्या बुटांकडे बघत उभा होता. सगळी लाइन त्याच्याकडे बघत होती. आपण भांडतो ते मुलासाठी, पण भांडणाच्या मधोमध उभं असतं ते मूल. जितका वेळ आपण हुज्जत घालतो तितका वेळ ते सगळ्यांसमोर कमी भरलेलं असतं.

माझ्या धाकट्याने बाहेर पडताना विचारलं, "आई, मी नापास झालो का?"

मला उत्तर सुचायला वेळ लागला. मग म्हटलं, "तू नाही रे. ती खुर्ची नापास झाली. तुझ्या मापाची नव्हती ती." हे मी समजूत घालायला बोलले नाही, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. गेज जॉबला चांगला-वाईट म्हणत नाही. हा त्या जोडणीत बसतो की नाही, एवढंच सांगतो. माझी एवढीच विनंती आहे की लाइनीत उभं राहण्याआधी, घरून निघतानाच, मुलांना हे वाक्य सांगून ठेवा. पट्टीपाशी पोचल्यावर सांगितलं तर उशीर झालेला असतो.

नवरा आणि थोरली कोस्टरवर बसायला गेले. मी आणि धाकटा कुंपणापाशी गेलो, जिथून पूर्ण मार्ग दिसतो. पहिली दहा मिनिटं तो बोललाच नाही. मग एक गाडी डोक्यावरून गेली आणि त्याने विचारलं, "आई, ती उलटी झाल्यावर खाली का पडत नाही?"

आम्ही खाली वाकून चाकं बघितली. रुळाच्या वर एक चाक, बाजूला एक आणि रुळाच्या खाली एक. गाडीने रूळ तिन्ही बाजूंनी पकडलेला असतो. खालचं चाक नसतं तर टेकाडाच्या माथ्यावर गाडी रूळ सोडून उडाली असती. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने शंभरेक वर्षांपूर्वी त्या खालच्या चाकाचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतरच कोस्टर उंच आणि तीव्र उताराचे व्हायला लागले. गाडीला रूळ सुटू नये म्हणून खालचं चाक, तसा माणसाला खुर्ची सुटू नये म्हणून हार्नेस. हे मी त्याला सांगत असताना त्याने मध्येच म्हटलं, "म्हणजे मला खालचं चाक नसतं." मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्या पट्टीचं इतकं सोपं स्पष्टीकरण मला सुचलं नव्हतं.

मग त्याला दुसरा प्रश्न पडला. लूप गोल का नाही? खरंच, नीट बघितलं तर ती गिरकी वर्तुळ नसते. खाली वळण सैल आणि वर घट्ट, त्यामुळे ती उलट्या धरलेल्या थेंबासारखी दिसते. १८९५ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा एक कोस्टर होता. त्याची गिरकी पूर्ण गोल होती. वर्तुळात शिरता क्षणी सगळा जोर एकदम अंगावर यायचा आणि लोकांच्या माना दुखावायच्या. तो फार काळ टिकला नाही. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियात रिव्होल्यूशन नावाचा कोस्टर उभा राहिला. त्याची थेंबाच्या आकाराची गिरकी आखली जर्मन इंजिनियर वेर्नर श्टेंगेल यांनी. वळण हळूहळू घट्ट होत जातं, त्यामुळे जोरही हळूहळू चढतो. मधली ऐंशी वर्षं माणसाची मान सांभाळत उलटं कसं करायचं याच्या शोधात गेली म्हटलं तरी चालेल. मी हे सगळं घरी येऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला वहीत काढून दाखवलं.

कुंपणापाशी आम्हाला देखभाल विभागातले एक काका भेटले. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथल्या बाकावर बसले होते. धाकट्याने त्यांना विचारलं, लाइट गेली तर? ते म्हणाले, "बाळा, आमचे ब्रेक लाइटने लागत नाहीत, लाइटने सुटतात." स्प्रिंगच्या जोराने ब्रेक कायम दाबलेले असतात, हवेचा दाब देऊन ते उघडायचे. लाइट गेली की हवेचा दाब जातो, आणि हवा गेली की ब्रेक आपोआप लागतात. मी म्हटलं, आमच्या ट्रकच्या पार्किंग ब्रेकचंही हेच तत्त्व. मग काय, आम्हा दोघांची गट्टीच जमली. त्यांनी सांगितलं, रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी माणसं मार्गाची पाहणी करतात, मग गाड्या रिकाम्या फिरवतात. सकाळच्या पहिल्या फेऱ्या जरा मंद असतात, ऊन चढलं आणि बेअरिंगमधलं ग्रीस गरम झालं की गाडी पळायला लागते.

हे ऐकल्यावर धाकट्याला जे चढलं ते बघायला हवं होतं. त्याने माझ्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. चढावरून सुटल्यापासून ब्रेकपर्यंत किती सेकंद? पाच फेऱ्यांची वेळ त्याने तिकिटाच्या मागे लिहून घेतली. मी त्याला हिशोब करून दाखवला की घर्षण सोडून दिलं तर ४० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तेरा मजल्यांवरून, सुटलेली कुठलीही गोष्ट खाली येईपर्यंत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते. मग ती गाडी असो की चिंच. चिंच का, हे त्याने विचारलं नाही. आम्ही उभे होतो तिथे वर चिंचेचं झाड होतं.

सासूबाई या सगळ्या वेळात सावलीत पिशव्या सांभाळत बसल्या होत्या. त्यांनी पाटी वाचली होती. रक्तदाब, हृदयविकार, मान-पाठीचं दुखणं, गरोदरपण. "मला गोळ्या चालू आहेत, मी बसत नाही," असं म्हणून त्या मोकळ्या झाल्या. त्यांना कुणी कमी लेखलं असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी आम्हाला त्यांच्या गावच्या जत्रेतला लाकडी पाळणा सांगितला. चार पेट्या, दोन माणसं हातांनी ढकलणारी. पाळणेवाला समोरच्या पेटीत कोण आहे ते बघून इकडे दोन पोरं बसवायची की तीन ते ठरवायचा, नाहीतर पाळणा एका बाजूला ओढायचा. "आम्हाला मैत्रिणीशेजारीच बसायचं असायचं. तो ऐकायचा नाही. आणि कुणाचे वडील त्याच्याशी भांडायला गेलेले मी बघितले नाहीत." पाळणा त्याचा, हिशोब त्याचा, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या पिढीला आठवतं ते गोराईचं एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली ते सुरू झालं तेव्हा शाळेच्या सहलींचं ते मोठं ठिकाण झालं. लाँचने खाडी ओलांडून जायचं, हीच निम्मी मजा. मी सातवीत असताना गेले होते. बाईंनी आम्हाला उंचीप्रमाणे ओळीत उभं केलं होतं आणि पुढच्या सहा जणींना सांगितलं होतं की मोठ्या पाळण्यांवर तुम्ही नाही. मी त्या सहांत होते. रडले होते. हे मला त्या दिवशी कुंपणापाशी आठवलं, पट्टीपाशी नाही.

पार्क चालवणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांना एक सांगते. पट्टी लाइनीच्या टोकाला ठेवू नका. सकाळी गेटवर, तिकीट दाखवतानाच मोजा आणि मनगटाला रंगाचा पट्टा बांधा. ज्याला कुठे बसता येईल ते त्याला सकाळीच कळू दे. सव्वा तास उन्हात उभं राहून मिळालेलं 'नाही' आणि गेटवर मिळालेलं 'नाही' यात फार फरक आहे, मुलाच्या दृष्टीने आणि तुमच्या माणसाच्या दृष्टीनेही. आणि लहान मुलाबरोबर एक पालक मागे थांबला असेल, तर पहिला उतरल्यावर दुसऱ्याला पुन्हा लाइन न लावता बसू द्या. परदेशातल्या अनेक पार्कांत ही पद्धत आहे. माझ्या नवऱ्याला मला बसवायचं होतं, पण पुन्हा सव्वा तास कोण उभं राहणार?

आणि पालकांनो, भांडायचंच असेल तर भांडण्यासारखं पुष्कळ आहे. १४ जुलै २०१९ ला अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोक्यासारखा फिरणारा एक मोठा पाळणा मध्येच तुटून खाली आला. दोघं जण गेले, अनेक जखमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात वर गेलेला पाळणा लोकांसकट धाडकन खाली आदळला. या दोन्ही ठिकाणी बसणाऱ्यांची उंची बरोबरच असेल. प्रश्न लोखंडाचा, वेल्डिंगचा, केबलचा, देखभालीचा होता. आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत, शहरांतल्या मैदानांवर दर सुट्टीत असे पाळणे उभे राहतात. भारतीय मानक ब्युरोने पाळण्यांच्या सुरक्षिततेची मानकं काढलेली आहेत, मेळ्यांना प्रशासनाची परवानगी लागते. आपल्यापैकी कितीजणांनी तिकीट काढण्याआधी विचारलं आहे की याची तपासणी कधी झाली, कुणी केली, कागद दाखवा? मी तरी कधी विचारलं नव्हतं. जत्रेतल्या पाळण्यावर पट्टीच नसते, म्हणून आपण खूश होऊन मुलांना बसवतो. खरं तर तिथे पाय मागे घ्यायला हवा. तुमचा आवाज, तुमचे 'पैसे भरलेत', तुमचं 'वरिष्ठांना बोलवा' हे सगळं तिथे न्या. बोल्ट सुटू नये म्हणून घालतात ती कॉटर पिन आहे का बघा. सीटचा पट्टा दोरीने बांधलाय का बघा. पाळणेवाला प्रत्येक माणसाचा बार हाताने ओढून बघतो का, की नुसताच हात फिरवत पुढे जातो, हे एक फेरी खाली उभं राहून बघा आणि मगच तिकीट काढा.

ज्या पाळण्यावरून तुमच्या मुलाला मोजून परत पाठवतात, तो पाळणा निदान मोजणाऱ्या माणसांच्या हातात आहे.

थोरली कोस्टरवरून उतरली ती लटपटत, हसत, केस पिंजारलेले. भावाला काय सांगावं या विचाराने ती जरा दबकतच आली. तो तिला म्हणाला, "तुमची फेरी ४६ सेकंदांची होती." दुपारी आम्ही १२० सेंटिमीटरवाल्या लहान कोस्टरवर तीनदा बसलो, मी आणि तो, पहिल्या डब्यात. तिथेही आधी पट्टी होती. तो स्वतःच बूट काढून टाचा टेकवून उभा राहिला. मोजणारी मुलगी म्हणाली, बूट काढायची गरज नाही. तो म्हणाला, असू दे, नीट मोजा.

निघायच्या आधी, साडेचारच्या सुमाराला, त्याने पुन्हा कुंपणापाशी नेलं आणि पाच फेऱ्या मोजल्या. दीड सेकंद कमी भरले. मोबाइलवर बोट दाबायला होणारा उशीर धरला तरी फरक दिसत होता. त्या काकांना सांगायला गेलो, पण त्यांची पाळी संपली होती. पट्टीपाशीही दुसरा मुलगा उभा होता. सकाळच्या मुलाची माफी मागायची राहिली, ती या पत्रात मागते.

डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलंय. धाकटा १४० होईल की नाही माहीत नाही. गेल्या आठवड्यात मोजला तेव्हा नव्हता. त्याचं सध्या तिकडे लक्षही नाही. थंडीच्या सकाळी ग्रीस किती घट्ट असेल आणि पहिल्या फेरीला किती सेकंद लागतील, हे त्याला बघायचंय. पार्क उघडायच्या आधी पोचायचं आहे, म्हणजे पहाटे पाचलाच निघावं लागेल.

आपली,
चिंचवडची एक आई